कंपौंडाच्या कडेला लावायला, जास्त बघावं न लागणारी आणि मधमाश्या येतील अशी फुलझाडं कुठली?

गणेशपूरची_सून:
नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सुचवता येणार नाही म्हणून. गेल्या दिवाळीला आम्ही बेळगावात गणेशपूरला नवीन घरात राहायला आलो. घर बांधतानाच मी गवंड्याला बजावून ठेवलं होतं की पूर्वेच्या कंपौंडाला लागून फरशी घालायची नाही, तेवढी माती मोकळी सोड, त्यामुळं 32 फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी पट्टी मिळालीय. सकाळी 10 पर्यंत भिंतीची सावली असते, मग दिवस मावळेपर्यंत ऊन. माती लाल आहे पण बांधकामाचं राबीट, सिमेंटची ढेकळं, वाळू सगळं त्यात मिसळलंय.

मला तिथं फुलझाडं पाहिजेत, पण नुसती दिसायला नकोत, मधमाश्या आल्या पाहिजेत. कारण सांगते. मागच्या परड्यात मी लाल भोपळा, दुधी आणि काकडी लावली होती, भोपळ्याचा वेल तर शेजारच्यांच्या पत्र्यावर चढला, फुलं रोज पंधरा-वीस, पण बारका भोपळा लिंबाएवढा झाला की पिवळा पडून गळायचा, एकसुद्धा धरला नाही. शेजारच्या आज्जी बघून म्हणाल्या, "पोरी, तुझ्याकडं माशीच नाही, फळ कुठनं धरणार?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या घरात आल्यापासून मी एक मधमाशी बघितलेली नाही. माझं माहेर नंदगडचं. तिथं गोठ्यामागच्या चिऱ्याच्या भिंतीत सातेरी मधमाशीचं पोळं कायम असायचं, दुपारी आम्ही पोरं तो आवाज ऐकतच झोपायचो. इथं नुसता गाड्यांचा आवाज. ते मनाला लागून राहिलंय.

आता अडचणी. आम्ही दोघंही कामाला जातो, रोज बागेत बसायला वेळ नाही. नळाला पाणी 5-6 दिवसांनी येतं, ते साठवून पुरवायचं. सासूबाई घरी असतात पण गुडघ्यामुळं त्यांना वाकता येत नाही. मुलगा 4 वर्षांचा आहे. थंडीत मी नर्सरीतनं पेट्युनिया, डबल झेंडू आणि डेलिया आणून लावला होता, 1,800 रुपये गेले, दोन महिने छान दिसलं, मार्च संपायच्या आत सगळं वाळून गेलं, आणि त्या दोन महिन्यांतही माशी काही आली नाही.

पावसाच्या आधी लावायचं म्हणतेय. कुठली झाडं लावू, किती लावू, आणि माशा आल्या तर पोराला चावणार नाहीत ना?

वडगावची_काकू:
अगं कोरांटी लाव की. त्याच्यासारखं सोपं झाड नाही. आमच्या आत्तींनी लावलेली निळी कोरांटी अजून विहिरीच्या कडेला हाय, 30 वर्षं तर सहज झाली, आम्ही तिला वर्षातनं एकदा छाटण्यापलीकडं काही करत नाही. दसऱ्यापासनं जी फुलायला लागते ती थंडीभर, आणि सकाळी आठ-नऊला बघितलंस तर त्याच्यावर नुसती घूंऽऽ चाललेली असते. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, पोरगं लहान आहे तर ती भिंतीकडंच लाव.

दुसरी तुळस. वृंदावनातली वेगळी, ही नुसती कडेला लावायची आणि हिच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत. आपल्याला सवय असते मंजिरी दिसली की खुडायची, झाड जास्त टिकतं म्हणून, ते वृंदावनातल्या तुळशीला कर. कडेच्या तुळशीला मंजिरी येऊ दे भरभरून, माशीला तीच पाहिजे असते. वाळली की बी आपोआप पडतं आणि पावसात शेकड्यानं रोपं उगवतात, विकत आणायचं कामच नाही. गोकर्णाचा वेल कंपौंडाच्या ग्रिलवर सोड, त्याला मोठे काळे भुंगे येतात.

कॅम्पातली_बाग:
ताई, माझ्या मते एवढ्या उन्हात आणि कमी पाण्यात बोगनवेल आणि इक्झोरा सगळ्यात उत्तम. आमच्या गेटला बोगनवेल आहे, आठवड्याला एक बादली पाण्यावर बारा महिने रंग. पुढच्या ओळीला नर्सरीत मिळते ती रंगीत घाणेरी लावा, ती मरतच नाही. तिन्ही आमच्याकडं आहेत म्हणून सांगतोय.

अनगोळचे_सर:
मी 31 वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून बागेतच असतो, त्यामुळं थोडं विस्तारानं लिहितो.

आधी तुमच्या भोपळ्याचं. आज्जींनी बरोबर ओळखलं. भोपळ्याला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलाच्या बुडाशी आधीपासूनच बारका भोपळा असतो, नराचा देठ नुसता सडपातळ. नराचं पराग मादीत पोचलं नाही तर तो बारका भोपळा पिवळा पडून गळतोच. भोपळ्याचं आणि काकडीचं फूल सकाळी उमलतं, भोपळ्याचं तर 10-11 पर्यंत मिटूनही जातं, तेवढ्या वेळात माशी यायला पाहिजे. दुधीचं तसं नाही हं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात, म्हणून मधमाश्या कितीही आल्या तरी दुधीला फार फरक पडेल असं धरू नका, तिथं संध्याकाळी 7 च्या सुमाराला नर फूल तोडून पाकळ्या मागं सारून मादी फुलाला हातानं टेकवायचं. भोपळ्यालाही माश्या येईपर्यंत सकाळी हेच करा.

आता तुमच्या थंडीतल्या फुलांवर माशी का आली नाही. डबल फूल म्हणजे काय, तर त्यातल्या पुंकेसरांच्या, नाहीतर झेंडू-डेलियात मधल्या गड्ड्यातल्या बारक्या फुलांच्या जागी पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, पण माशीला पराग नाही, आणि मध असलाच तरी तिची जीभ तिथवर पोचत नाही. झेंडू, डेलिया, शेवंती, झिनिया, काहीही घ्या, मधला पिवळा गड्डा उघडा दिसत असेल तरच घ्या. नर्सरीत फूल हातात धरून बघायचं आणि पराग बोटाला लागतो का तपासायचं. माझी हीच एक कसोटी आहे आणि ती मला आजपर्यंत चुकलेली नाही.

बोगनवेलीबद्दल कॅम्पातल्या दादांचं अर्धं बरोबर आहे, ती टिकते. पण तिचा तो रंग पाकळ्यांचा नाही, पानांचा आहे, खरं फूल म्हणजे त्यात मधोमध असलेली बारीक पांढरी नळी. इक्झोराची नळीही इतकी अरुंद आणि लांब की तिथं फुलपाखरं येतात, मधमाशी क्वचित. सदाफुलीचंही तेच. शिवाय ताईंच्या मातीत सिमेंट मिसळलंय म्हणजे ती चुनखडीसारखी झालेली असणार, तिथं इक्झोराची पानं पिवळीच पडतात, आमच्या भिंतीकडेला मी दोनदा अनुभव घेतलाय.

रंगाचंही सांगतो. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, तिला निळा, जांभळा, पिवळा, पांढरा दिसतो आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. म्हणून निळी कोरांटी, पांढरी तुळस, पिवळा कॉसमॉस यांच्यावर गर्दी आणि लाल जास्वंदीवर शिंजीर पक्षी.

तुमच्या पट्टीत मी काय करीन ते सांगतो. भिंतीला लागून कोरांटीची 5 झुडपं, दोन-दोन फुटांवर, एका टोकाला एक कढीपत्ता. कढीपत्त्याचं नाव कोणी घेत नाही पण मार्चपासनं त्याला पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाकी काही नसतं, तेव्हा त्याच्यावर सातेरी आणि बारकी फुलोरी, दोन्ही माश्या असतात. उरलेल्या जागेत मधल्या ओळीला तुळस आणि सब्जा, त्यात गलाट्याची, म्हणजे गेलार्डियाची रोपं. गलाटा एकेरी घ्या, बाजारात हारासाठी येतो तो भरगच्च असतो, तो नको. आणि अगदी पुढं कुफिया. कुफिया म्हणजे ते दीड फुटाच्या आत राहणारं, बारीक पानांचं, जांभळ्या नाहीतर पांढऱ्या चिमुकल्या फुलांचं झुडूप, नर्सरीत दुभाजकावर लावायला म्हणून ट्रेमध्ये असतं, कुणाला त्याचं कौतुक नसतं. बारमाही फुलतं, काडी खोवली तरी लागतं. एक-एक फुटावर लावा, 32 फुटांना 30 रोपं पुरतात. 8-10 रोपं आणून त्याच्याच काड्या लावल्यात तर पावसाळाभरात ओळ पुरी होते, पैसेही वाचतात.

एक गोष्ट मात्र पाळा. एक हे, एक ते, असं 20 प्रकारचं एकेक झाड लावू नका. माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तिला एका ठिकाणी तेच फूल भरपूर मिळालं तर ती परत येते आणि पोळ्यातल्या बाकीच्यांनाही सांगते. 6-7 प्रकार, पण प्रत्येकाचा पुंजका.

लावायच्या आधी एक फूट खोल माती उकरून राबीट वेचून काढा, हे काम चुकवू नका, एका रविवारचं काम आहे. 4-5 पाट्या कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. नंतर खत घालायची गरज नाही, या झाडांना जास्त खत झालं की नुसती पानं वाढतात.

गणेशपूरची_सून:
सर, खूप खूप आभार, हे मी वहीत उतरून घेतलं. संध्याकाळी दुधीचं फूल बघायला गेले तर खरंच उमललेलं होतं, मला आजवर माहीतच नव्हतं. काकू, तुमचंही ऐकते, मंजिरीचं सासूबाईंना सांगितलं तर त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या वृंदावनातली सोडून काय करायचं ते कर.

पण पोराच्या चावण्याचं कुणी सांगितलं नाही. आणि घाणेरी लावू का नको?

जांबोटीचं_रान:
घाणेरी लावू नका ताई, पाया पडून सांगतो. ती मरत नाही हे खरं आणि हाच तिचा दोष आहे. पाखरं फळं खातात आणि बी रानात नेऊन टाकतात. आमच्या खानापूरच्या बाजूला बघा, जिथं पूर्वी गुरं चरायची, कुडा-निर्गुडी असायची, तिथं आता घाणेरीच्या जाळ्या, आत माणूस शिरत नाही. नर्सरीवाले म्हणतात रंगीत जातीला बी येत नाही, पण मी येताना बघितलंय. तेवढीच चिवट झुडपं पाहिजेत तर निर्गुडी आहे की, निळसर जांभळे तुरे, दरवर्षी छाटली तर कंबरेएवढी राहते, माशीला अतिशय आवडते आणि सासूबाईंच्या गुडघ्याला शेकायला पाला पण मिळेल.

चावण्याचं सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या माशीचा नाद आहे. माशी फुलावर असते तेव्हा ती कामात असते, तिला तुमचं काही पडलेलं नसतं. ती चावते ती पोळ्याच्या राखणीसाठी, नाहीतर हातात चिरडली, पायाखाली आली तर. फुलावरच्या माशीला हात लावायचा नाही आणि बागेत अनवाणी पळायचं नाही, एवढं पोराला शिकवा, पोरं लवकर शिकतात. चुकून चावलीच तर काटा नखानं लगेच खरवडून काढायचा, बर्फ लावायचा. चेहरा सुजला, दम लागायला लागला, अंगावर गांधी उठल्या तर मात्र घरचे उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. आणि भीती बाळगायची ती आग्याची. पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या सज्जाला लोंबतं ते आग्या मोहोळ. त्याला दगड, धूर, फटाके, काही करायचं नाही. पण तुमच्या कुफियावर ती आली तर तीही तिथं गुमान मध घेऊन जाते.

आता माझा मुद्दा, जो सरांच्या यादीत थोडा राहिला. लोक थंडीतल्या फुलांचा विचार करतात. थंडीत माशीला उपास नसतोच हो, शेत, रान, सगळीकडं काही ना काही असतं. उपास पडतो तो मृगापासून श्रावण संपेपर्यंत. आमच्याकडं कणकुंबीला पाऊस धरला की दिवसेंदिवस उघडत नाही, माशी पेटीतनं बाहेर पडत नाही आणि पडली तर फुलात पाणी साचलेलं, पराग धुऊन गेलेला. आम्ही पेटीवाले त्या दिवसांत साखरेचा पाक देतो. बेळगावात पाऊस आमच्यापेक्षा बराच कमी, मधनं उघडीप मिळते, त्या तासाभरात माशी जे काही गोळा करील त्यावर पोळं तगतं. म्हणून त्या तीन महिन्यांत फुलणारं काहीतरी तुमच्या पट्टीत पाहिजेच. तेरडा, एकेरी, गौरीला लागतो तोच, जूनमध्ये बी फेकलं की गणपतीच्या आधी फुलतो. पिवळा कॉसमॉस, 50-60 दिवसांत फूल आणि पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. आणि तुंबा, म्हणजे कन्नडमधला तुंबे, श्रावण सोमवारी पिंडीवर वाहतात ती बारीक पांढरी फुलं. लोक तण म्हणून उपटतात. पावसात कडेला चार झाडं उगवली तर उपटू नका, ओंजळभर फुलांवर माशी कशी तुटून पडते ते एकदा गुडघ्यावर बसून बघा.

आणि अजून एक. पट्टीच्या एका कोपऱ्यात हात-दीड हात जागा उघडी ठेवा, काही लावू नका, पालापाचोळाही घालू नका. सगळ्याच माश्या पोळं करत नाहीत. निळ्या पट्ट्यांची एक माशी असते, एकटी राहते, मातीत भोक करून अंडी घालते. वांगी, टोमॅटो लावणार असाल तर तीच कामाची, कारण त्या फुलातला पराग थरथर करून पाडावा लागतो, सातेरीला ते जमत नाही, हिला आणि काळ्या भुंग्याला जमतं. चिऱ्याच्या फटीत राहणारी बारीक काळी, डंख नसलेली माशीही असते, शिरसीकडं तिला मिसरी म्हणतात, दाराला मेणाची नळी करते. भिंतीला अशी नळी दिसली तर गिलाव्यानं बुजवू नका.

निपाणीचा_शेतकरी:
सगळ्यांनी झाडं सांगितली, मी औषधाचं सांगतो, कारण माझ्या हातनं चूक झालीय आणि ती मला अजून खाते.

माझ्याकडं घरापुढं 10 गुलाब आणि त्याला लागून तुळशी-सब्ज्याची रांग होती. गुलाबावर मावा पडला. एका दुकानात विचारलं, त्यांनी एक बाटली दिली, मी लेबल नीट वाचलं नाही आणि रविवारी सकाळी 10 वाजता पंप घेऊन मारलं, गुलाबाबरोबर शेजारच्या फुललेल्या सब्ज्यावरही ते उडालं. दुपारी बघतोय तर फरशीवर माश्या पडलेल्या, काही उताण्या पडून पाय हलवत होत्या, काही गोल गोल फिरत होत्या. माझी पोरगी तेव्हा तिसरीत होती, ती एकेक उचलून पानावर ठेवत होती, बऱ्या होतील म्हणून. त्या दिवसापासनं मी फुललेल्या झाडाच्या जवळ पंप नेलेला नाही.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं झाडाच्या आत मुरतात, मुळातनं पानात, पानातनं फुलाच्या मधात आणि परागात जातात. फवारा वाळला म्हणजे संपलं असं होत नाही. युरोपात 2018 साली क्लोथियानिडिन धरून या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो माश्यांसाठीच. म्हणून ताई, नर्सरीतनं रोप घेताना विचारा की मुळात कसलं औषध घातलंय काय. नीट उत्तर आलं नाही तर काकूंसारख्यांकडनं काड्या आणि बी घ्या, ते सगळ्यात चांगलं.

मावा आला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन-तीन दिवस सलग. नाहीच गेला तर साबणाचं पातळ पाणी, तेही दिवस मावळल्यावर, फुलं सोडून. निंबोळी तेल पण संध्याकाळीच. गुलाबाच्या पानाला कडेनं गोल गोल कापलेलं दिसलं तर घाबरून औषध मारू नका, ती पानं कापणारी माशी असते, पानाचे तुकडे नेऊन पोकळ काडीत पिल्लांना घर करते, झाडाला त्यानं काही होत नाही.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडं उसाचं पाचट फुकट मिळतं, झाडाच्या बुडात 2-3 इंच जाड पसरलं की निम्मं पाणी वाचल्यासारखं होतं. पहिल्या पावसाळ्यात झाडं मुळं धरतात, नंतर थंडीत आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा पुरे. माश्यांना प्यायला मातीच्या परळात खडे घालून पाणी ठेवा, खडे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत नाहीतर बुडून मरतात, आणि डासांसाठी दोन दिवसांनी पाणी बदला.

कॅम्पातली_बाग:
घाणेरीचं जांबोटीच्या दादांनी सांगितलेलं पटलं. आमच्याकडची या आठवड्यात मुळासकट काढतो. तिथं निर्गुडी लावीन म्हणतो, काडीनं लागते काय?

जांबोटीचं_रान:
लागते की. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, जुलैमध्ये लावा. दोन डोळे मातीत, दोन वर.

चिकोडी_मावशी:
थोडंसं वेगळं सांगते, आमचा भाग कोरडा आणि माती काळी, तुमच्यासारखी लाल नाही, पण टर्नेरा दोन्हीकडं येतो. पिवळं, पाच पाकळ्यांचं फूल, सकाळी 8 ला उघडतं आणि दुपारी 12-1 पर्यंत मिटतं, रोज नवीन, बारमाही. आणि पोर्तुलाका, ज्याला ऑफिस टाइम म्हणतात, तो एकेरी पाकळीचाच. एप्रिल-मेमध्ये अंगणात दुसरं काही नसताना फुलोरी माश्या त्यात लोळतात अक्षरशः, पायांना पिवळ्या पिशव्या बांधल्यासारखा पराग लागलेला असतो. काळ्या मातीत गलाटा पावसात कुजतो, वाफा वीतभर उंच करून लावा. आणि कोथिंबीर, मेथी, मुळा परड्यात लावता तर सगळं उपटू नका, दोन-चार झाडं फुलायला सोडा. कोथिंबिरीच्या फुलावर जेवढ्या प्रकारच्या माश्या येतात तेवढ्या मी दुसऱ्या कशावर बघितल्या नाहीत.

गणेशपूरची_सून:
सहा महिन्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये सासूबाईंचं ऑपरेशन झालं. पण सांगायचं राहायला नको म्हणून आज बसले.

मे महिन्यात आम्ही दोघांनी दोन रविवार माती उकरली, राबीटच 11 पाट्या निघालं. काकूंकडनं कोरांटीच्या आणि तुळशीच्या काड्या आणल्या (काकू, तुमचा चहा आणि तुमची विहीर दोन्ही लक्षात आहे), सर म्हणाले तशी कुफियाची 10 रोपं घेतली आणि त्याच्या काड्या लावत गेले, आता 27 झालीत. कढीपत्ता, सब्जा, टर्नेरा, निर्गुडी एक. गलाटा लावला होता तो ऑगस्टच्या पावसात कुजला, मावशींचं आधी ऐकायला पाहिजे होतं, आता वाफा उंच करून परत लावलाय. तेरडा मात्र असा आला की गौरीला आख्ख्या गल्लीनं आमच्याकडनं नेला.

जुलै पूर्ण गेला, माशी नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन बघायची. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस जरा उघडला आणि तुंब्यावर एक सातेरी दिसली. एकच. मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं, तो ब्रश तोंडात धरूनच आला. दुसऱ्या दिवशी 4 होत्या. आता नोव्हेंबरात तुळशीवर मोजता येत नाहीत.

आणि जांबोटीच्या दादा, तुमच्या निळ्या पट्ट्यांच्या माशीचं सांगायचंय. तुम्ही म्हणाला तसा कोपरा उघडा ठेवला होता. परवा संध्याकाळी साडेसहाला पोरगा ओढत घेऊन गेला, म्हणाला आई माशा झोपल्या. सब्ज्याची एक वाळलेली काडी होती, तिच्यावर एकाखाली एक अशा 5 माश्या, पाय सोडून दिलेले, नुसत्या जबड्यानं काडी पकडून लटकलेल्या. पोटावरचे निळे पट्टे टॉर्चच्या उजेडात चमकत होते. आम्ही टॉर्च लगेच बंद केला. पोरगा आता रोज झोपायच्या आधी त्यांना बघून येतो, लांबनंच, हात पाठीमागं बांधून. एकदाही चावलेली नाही.

भोपळे 3 धरलेत, त्यातला एक नारळाएवढा झालाय. दुधीला मी संध्याकाळी हातानं करते, सर, 2 मिळाले. आता एकच विचारायचंय, तुळस फार उंच झालीय आणि पुढच्या कुफियावर पडायला लागलीय, पण मंजिऱ्यांवर एवढ्या माश्या असताना छाटायला हात होत नाही. कधी छाटू?

अनगोळचे_सर:
फार आनंद झाला वाचून. त्या लटकलेल्या बहुतेक नर माश्या आहेत, मादी रात्री मातीतल्या घरात असते, नर असे काडीवर झोपतात आणि बऱ्याचदा रोज त्याच काडीवर येतात, त्यामुळं ती वाळकी काडी काढू नका. तुळस एकदम सगळी छाटू नका. आत्ता एक आड एक झाड अर्ध्यावर छाटा, ते महिना-दीड महिन्यात परत मंजिरीवर येईल, मग राहिलेली छाटा. म्हणजे मधे खंड पडणार नाही.

वडगावची_काकू:
छाटशील तेव्हा बी झाडून ठेव, शेजारच्या आज्जींना दे. आणि पिवळ्या कोरांटीच्या काड्या काढून ठेवल्यात तुझ्यासाठी, ओल्या फडक्यात गुंडाळून, चार दिवस टिकतील. पोराला घेऊन ये रविवारी, इथं विहिरीवर काळे भुंगे बघायला मिळतील त्याला.